पाडेगावात दहा माणसं

"हनोकभाऊ, या पळत! आज दोन गावलेत!" मी स्टँडवरच्या बुकिंगच्या खिडकीतूनच ओरडलो.

हनोकभाऊंनी सायकल भिंतीला टेकवली, पायजम्यावर ग्रीसचे हात पुसले आणि डोक्यावरची काळी टोपी नीट केली. वेरूळच्या सहलीची बस समोर उभी होती. माझ्या चार्टवर दोन नावं होती, सॅम्युएल आणि डॅनियल. मी बोट दाखवलेल्या त्या दोघांपुढे जाऊन भाऊ म्हणाले, "शालोम. गाव कोणतं तुमचं?"

"जालना. मिशनच्या शाळेत मास्तर आहोत. आपण कोणत्या चर्चचे?"

भाऊ माझ्याकडे वळले. "बद्री, ख्रिस्ती हायेत रे."

"मला काय सपान पडतंय? नावं तर तुमच्यावानीच हायेत!"

"व्हय, आमच्याच पुस्तकातली," ते हसले. मास्तरांना चहा पाजला आणि सायकल काढून कामावर गेले.

अशा चुका मी शंभर केल्या असतील. आडनावात 'कर' दिसलं की मला उकळी फुटायची. एकदा पेणकर म्हणून ज्यांना धरून आणलं ते जानवंवाले भटजी निघाले आणि भाऊंनी शालोम म्हणताच दोन पावलं मागे सरले.

हनोक झिराडकर कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू; त्यांची आडनावं गावावरून, शेवटी 'कर'. निजामाविरुद्धच्या पोलिस ॲक्शननंतर औरंगाबादेत मुंबईकडची माणसं नोकरीला आली, त्यात वॉटर वर्क्सच्या पंपावर मेकॅनिक म्हणून हे आले. शनिवार त्यांचा धर्माचा सुट्टीचा वार, पान्याला हात लावायचे नाहीत. त्या दिवशी नळ आटला तर अख्खी आळी त्यांच्या नावानं खडे फोडायची. सत्तावन्न साली त्यांची बायको मिल्काबाई तापानं गेली. माती देण्यापुरतीसुद्धा त्यांची माणसं गावात नव्हती. वेरूळच्या वाटेवरल्या पाडेगावच्या गयासमियांनी आपल्या पेरूच्या बागेचा कोपरा दिला. खांदा आम्हीच दिला, मी, गयासमिया आणि पंपावरची चार माणसं. पण त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी एक प्रार्थना असते, कद्दीश. तिला त्यांच्यातले दहा पुरुष लागतात. एकही कमी चालत नाही.

"मुंबईला जाऊन म्हणा की," मी एकदा म्हणालो होतो.

"दोनदा म्हणून आलो. पण ती तिथं थोडीच हाय? एकदा तिच्यापाशी उभं राहून म्हणायचंय."

म्हणून रोज सकाळी माझा चार्ट वाचायचा. अकरा वर्षं.

मग अडुसष्टच्या डिसेंबरात एके दिवशी चार्टवर अलिबागकडची एक टोळीच आली. आरोन चेऊलकर, एलिजा किहीमकर, बेंजामिन तळकर... पुरुष नऊ, बायका सहा, रविवारची बस. मी सायकल हाणत पंपावर गेलो. भाऊंनी तो कागद तीनदा वाचला आणि उकिडवे बसून लहान पोरासारखे रडले. "नऊ अन् मी दहा," एवढंच म्हणत राहिले.

रविवारी ते ट्रंकेतला काळा कोट घालून आले. डांबराच्या गोळ्यांचा वास पार खिडकीपर्यंत येत होता. आरोनकाका म्हणजे पांढऱ्या मिश्यांचे निवृत्त पोस्टमास्तर. "झिराडचे? अहो, माझी सख्खी मावशी झिराडला दिलेली! विहिरीजवळचं घर!"

"रिबकामावशी? व्हय, मी तिच्या हातचा मलिदा खाल्लाय हो! पोहे, गूळ, ओलं खोबरं... तसा पुन्हा नाय मिळाला."

"ऐका, ऐका," एक बाई हसल्या, "आपला माणूस आणि बोलतो कसा, नाय म्हणे, व्हय म्हणे!"

भाऊ लाजले. मला मात्र डोकी मोजायची घाई. आठच भरली.

"नववे कुठंयत?"

"मोझेस होय? काल तार आली, बायको बाळंत झाली. तसाच मुंबईला गेला."

त्या न पाहिलेल्या मोझेसला मी मनातल्या मनात दिल्या त्या शिव्या इथं लिहिता येणार नाहीत.

तरी बस पाडेगावला थांबवायचं ठरलं. ड्रायव्हर माझ्या ओळखीचाच होता. वाटेत मी भाऊंच्या कानाशी लागलो. "मी टोपी घालतो. दिवेकर म्हणून सांगा. कोण पाहतंय?"

पेरूच्या बागेत सगळे कबरीभोवती उभे राहिले. त्यांच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांची एक ओळ असते, तिचा एकेक शब्द एकेकाकडे बघून म्हणतात. आरोनकाका नवव्या शब्दावर थांबले.

"आम्ही सहाजणी उभ्या आहोत, त्या काय झाडं?" मघाच्याच बाई म्हणाल्या.

मी खिशातली टोपी घातली आणि पुढे झालो. आरोनकाकांनी विचारलं, "हे?"

भाऊंनी कबरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे बद्रीनाथ. बुकिंगचे. माझे भाऊच म्हणा. पण आपले नायत."

कद्दीश झाली नाही. आरोनकाकांनी दुसरं काहीतरी हळू आवाजात म्हटलं. बायकांनी डबे उघडून मलिदा वाटला. मला नको होता. बस निघाली तरी मी बागेतच थांबलो आणि भाऊंवर तुटून पडलो. "अकरा वर्षं चार्ट वाचला तुमच्यासाठी! एक शब्द खोटा बोलला असता तर काय आभाळ कोसळत व्हतं?"

"तिच्यासमोर उभं राहून खोटं कसं बोलू, बद्री?" ते म्हणाले. त्यांच्या हातात माझ्या वाट्याचा मलिदा पानात बांधून ठेवलेला होता. मी तो मुकाट खाल्ला.

पुढे आरोनकाका मुलांपाठोपाठ इस्रायलला गेले. पत्रं येत, मग थांबली. भाऊ ब्याऐंशीत गेले. त्यांनाही तिथंच ठेवलं, मिल्काबाईंशेजारी. आता नऊ पुरत नाहीत, पुरते दहा लागतात. मी रिटायर झालो तरी रविवारी स्टँडवर जातो, प्रवाशांना गाव विचारतो. नवा क्लार्क मला येडा समजतो.

गेल्या महिन्यात एक भेटला. ठाण्याचा तरुण इंजिनिअर, एकटाच, आडनाव नागावकर. त्याला पाडेगावला नेलं. तो दोन्ही कबरींपाशी टोपी घालून बराच वेळ उभा राहिला. परतताना त्यानं विचारलं, "काका, हे तुमचे कोण?"

"भाऊ," मी म्हणालो, आणि भाऊंनी तेव्हा जोडलेलं पुढचं वाक्य बोललो नाही.