बॅरनच्या समोरची खुर्ची

कुस्तीबद्दल ओरा ली स्टबल्फील्डची मतं कुणी विचारली नसती तरी तिनं सांगितली असती. पण आता ऐकायला माणूसच उरलं नव्हतं. नवरा डॉइल जाऊन सहा वर्षं झाली होती. आर्मरी हॉलमध्ये दर गुरुवारच्या कुस्तीला तिच्या शेजारी बसून घसा फोडणारी मैत्रीण रूबी दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. मुलगी लांब शार्लट शहरात. तिला फोनवर दहा मिनिटं सवड असायची आणि त्यातली आठ आईच्या गोळ्यांच्या चौकशीत जायची.

मतं मात्र होती तशी करकरीत होती. हल्ली टीव्हीवर दाखवतात ती कुस्तीच नव्हे, हे पहिलं. फटाके काय, धूर काय, तेल चोपडलेले गडी काय! आणि जो तो प्रेक्षकांकडं बघून डोळा मारणार, की बघा हं, आम्ही गंमत करतोय. तिच्या वेळी टेनेसीतल्या या मोज्यांच्या गिरणीच्या गावात मल्लानं समोरच्याचा हात धरला की वीस मिनिटं तोच हात पिरगाळत बसायचा आणि आठशे माणसं त्या एका हातासाठी जीव मुठीत धरून बसायची. सामना नायक रंगवत नाही, खलनायक रंगवतो, हे तिचं दुसरं मत. नायकाला पिवळे केस आणि सरळ दात असले की भागतं. खलनायकाला अक्कल लागते. चारशे बायकांनी एका वेळी आपल्याला शिव्या घालाव्यात असं वागायचं आणि वर रस्त्यावर उभी केलेली आपली गाडी शाबूत ठेवायची, हे सोपं काम नाही.

गिरणीत एखादा शहाणा निघायचाच. "अहो, सगळं ठरवून असतं ते!" डॉइल तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचा आणि विचारायचा, "पहिल्या रांगेत बसलायस का कधी?" तेवढ्यावर विषय संपायचा. ही नुरा कुस्ती आहे हे ओराला कळत नव्हतं थोडंच? पण कळणं वेगळं आणि बाहेरच्यापुढं बोलून दाखवणं वेगळं. मल्लांची तर रीतच होती तशी. नायक आणि खलनायक एका गाडीतून येत नसत, एका खानावळीत जेवत नसत, सासुरवाडीतसुद्धा खरं बोलत नसत. प्रेक्षकही आपल्या बाजूनं ती रीत सांभाळायचे. मल्लांनी मनापासून लबाडी करावी, आपण मनापासून चिडावं. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं, आणि ज्यांना हे समजत नाही त्यांना समजावत बसण्यात अर्थ नाही, असं ओराचं म्हणणं.

त्या सगळ्या बदमाशांत अव्वल म्हणजे बॅरन फॉन क्रांत्झ. बोकडदाढी, एका डोळ्यावर काच, गुडघे न वाकवता टाकलेली ती ताठ पावलं. जर्मनीचा उमराव म्हणे. पंचाची पाठ वळली की चड्डीतून लोखंडाचा तुकडा काढायचा आणि पंच वळला की देवदूतासारखे हात वर. असं सांगत की अलाबामात कुणाच्या तरी मयताला हा गेला होता, तेव्हा गर्दीतल्या एकानं ओळखलं, तर पठ्ठ्यानं सगळी प्रार्थना जर्मन हेल काढून म्हटली. आणि मयत त्याच्या सख्ख्या आईचं होतं. ओराला ही गोष्ट फार आवडायची. त्र्याहत्तर साली त्यानं गावच्या लाडक्या सनी टॉलिव्हरचं कपाळ फोडलं, रक्तानं सगळं तोंड माखलं. बॅरन कपडे बदलायच्या खोलीकडं निघाला तेव्हा ओरानं टोपीची लांब टाचणी काढली आणि त्याच्या डाव्या मांडीत बोटभर खुपसली. तो ओरडला ते मात्र जर्मन हेलात नव्हतं. घरी येताना गाडीत ती रडली, आणि डॉइल इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

तर हा बॅरन मार्चमधल्या एका सोमवारी ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या जेवणघरात हातात ताट घेऊन रांगेत उभा होता.

दाढी गेली होती, खांदे उतरले होते. हजेरीच्या वहीत नाव होतं विल्बर्न सग्ज. भाचीकडं राहायला आलेला. पण कपाळावरच्या जुन्या जखमांच्या बारीक पांढऱ्या रेघांची जाळी आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा सुजून बसलेला तो कान ओराला शंभर माणसांत ओळखू आला असता. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती इथं जेवायला यायची, खिडकीजवळच्या दोघांच्या टेबलावर एकटी बसायची आणि "मीठ द्या" एवढं सोडून दोन वर्षांत काही बोलली नव्हती. ती उभी राहिली. आवाज कुठून आला तिचं तिलाच कळलं नाही.

"ए जर्मन डुकरा! वाट चुकलास का रे?"

चाळीस म्हातारे चमचे हातात धरून थांबले. तो सावकाश वळला. तिच्याकडं नीट पाहिलं. मग त्याचा हात हळूच डाव्या मांडीवर गेला.

"या गावात अजून तीच घाण राहते वाटतं," तो जर्मन हेलात शब्द दातांखाली चावत म्हणाला. ताठ पावलं टाकत आला, तिच्या समोरची खुर्ची ओढून बसला आणि तिच्या ताटातला मक्याचा पाव उचलून खाल्ला.

त्या दिवशी ओरा घरी आली ती गुणगुणतच.

मग सुरू झालं ते सप्टेंबरपर्यंत चाललं. ती लिपस्टिक लावून जायला लागली. आदल्या संध्याकाळी आरशासमोर शिव्या घोटून ठेवायची. तो रोज काहीतरी ढापायचा, कधी पाव, कधी पुडिंग, आणि वाढणारी बाई वळली की हात वर करून साळसूद. "पाहिलंत? पाहिलंत का त्यानं काय केलं?" असं ओरा सगळ्या जेवणघराला ओरडून विचारायची, आणि अर्थात कुणीच पाहिलेलं नसायचं. मे महिन्यात ती तापानं आठवडाभर गेली नाही. परतली तेव्हा तिची खुर्ची तशीच रिकामी होती, आणि समोर टेबलावर कागदी रुमाल घडी करून ठेवलेला.

"मेली नाहीस अजून?" बॅरन म्हणाला. "मी नरकात चौकशी केली होती. तिथंही नको म्हणाले."

"तुझी जागा राखून ठेवली आहे, असं सांगितलं असेल त्यांनी!"

एवढ्या दिवसांत त्यानं एकदाही डोळा मारला नाही. ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही. घरी सिंकपाशी एकच ताटली विसळताना ओराच्या मनात यायचं, की हा माणूस खरंच माझा द्वेष करत असेल का? टाचणी बोटभर गेली होती, काही झालं तरी. पण तो कागदी रुमाल कुणी ठेवला होता? विचारायची सोय नव्हती. विचारलं की संपलं. पण सोमवार, बुधवार, शुक्रवार या तीन दिवसांसाठी ती उरलेले चार दिवस काढत होती, एवढं तिला स्वच्छ कळत होतं.

सप्टेंबरात नवी संचालिका आली. कँडेस नाव, नॅशव्हिलची, बत्तीस वर्षांची, स्वभावानं गरीब. तिच्या दुसऱ्याच शुक्रवारी बॅरननं ओराचं पुडिंग ओढलं आणि ओरानं वर्तमानपत्राची सुरळी करून त्याच्या टाळक्यात घातली. तो खुर्चीसकट मागं सरकला, दोन्ही हातांनी डोकं धरलं, कण्हला. असा झकास मार खाल्लेला ओरानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. टाळी वाजवायचीच राहिली होती, तेवढ्यात कँडेस धावत आली.

दोघांनाही तिच्या खोलीत बसवलं. टेबलावर तक्रारीचा कसलासा कागद होता.

"मिस ओरा, या केंद्रात कुणी कुणावर हात उगारलेला चालत नाही," कँडेस म्हणाली. तिला हे बोलणं जड जात होतं. "बाकीचे सांगतात की हे रोजचंच आहे. मिस्टर सग्ज, खरं सांगा. या तुम्हाला त्रास देतात का? का तुमची आपली थट्टा चालते? थट्टा असेल तर मी हा कागद ठेवून देते."

ओरा त्याच्याकडं बघत राहिली. एक वाक्य हवं होतं. आमची जुनी ओळख आहे, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. त्याचे हात गुडघ्यांवर होते. त्यानं कँडेसकडं पाहिलं. बाहेरची पोरगी. आर्मरी हॉलमध्ये एकदाही न बसलेली.

त्यानं मूठ टेबलावर आपटली.

"या बाईला बाहेर काढा!" तो गरजला, र आणि ट चावत. "ज्या गावात जावं तिथं असली एक म्हातारी असतेच! बॅरन फॉन क्रांत्झ हा अपमान सहन करणार नाही!"

आणि तो ताठ पावलं टाकत निघून गेला. दार आपटलं. कँडेसचा चेहरा पांढरा पडला होता.

"किती घाबरलेत ते," ती हळूच म्हणाली. "काहीतरीच बोलत होते. मिस ओरा, तुमचं दुपारचं जेवण आता मंगळवार-गुरुवार. दुसरा इलाज नाही माझ्याकडं. पण तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा ना. तुमची मैत्री आहे का त्यांच्याशी?"

ओराच्या जिभेवर सगळं आलं होतं. सांगितलं असतं तर त्या भल्या पोरीनं कागद फाडला असता आणि सोमवारी जेवणघरात सगळ्यांना कौतुकानं सांगितलं असतं: अहो, ते दोघं खेळतात! मग चाळीस म्हाताऱ्यांनी गोड हसून बघितलं असतं. पुढचा पाव ढापला गेला असता तो चहाबरोबर दाखवायच्या करमणुकीचा भाग म्हणून.

"मैत्री?" ओरा म्हणाली. "त्या बदमाशाशी? लिहा काय लिहायचं ते."

सही करताना तिला त्याचा फार अभिमान वाटत होता. तो अभिमान सोमवारपर्यंत टिकला.

मंगळवारची माणसं सज्जन होती. एकीनं तिला स्वतःहून आपला पाव देऊ केला. ओरानं तो खाल्ला आणि तिला रडू आलं. गुरुवारी ती गेलीच नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. लिपस्टिक न्हाणीघराच्या फळीवर पडून राहिली. मुलीनं फोनवर विचारलं, "आई, जेवतेस ना वेळेवर?" ओरा हो म्हणाली, आणि गोळ्यांचंही सांगितलं.

तिसऱ्या बुधवारी तिनं सकाळी उठून केळ्याचं पुडिंग केलं, वर साय घातली, दोन चमचे घेतले आणि केंद्राच्या आवारात गाडी उभी करून बसली. साडेबाराला माणसं बाहेर पडली. एकेक गाडी गेली. भाचीची व्हॅन पलीकडच्या टोकाला होती, भाची आत पाठमोरी बसून फोनवर बोलत होती. कँडेसच्या खिडकीवर पडदा होता. आवारात चिटपाखरू नव्हतं.

तो सगळ्यांत शेवटी आला. एकटाच असल्यामुळं ताठ पावलं नव्हती. भिंतीला हात लावत लावत, दर पावलाला अंदाज घेत येत होता, आणि वाटेत एकदा थांबून त्यानं श्वास घेतला. ओरानं काच खाली केली. पन्नास वर्षांत जे केलं नव्हतं ते तिनं केलं.

"मिस्टर सग्ज," ती हलक्या आवाजात म्हणाली. "विल्बर्न. इथं कुणी नाहीये हो. जरा बसता का गाडीत? पुडिंग आणलंय."

तो थबकला. तिच्याकडं बघितलं. डोळे पाण्यानं भरलेले होते, पण ते म्हाताऱ्यांचे असतातच. त्याची नजर आवारभर फिरली, पडद्यावर, व्हॅनवर, मग दोन चमच्यांवर. भिंतीवरचा हात त्यानं काढून घेतला. पाठ ताठ झाली. किती कष्टानं झाली ते तिला दिसलं.

"त्या नावाच्या माणसाला मी ओळखत नाही," बॅरन फॉन क्रांत्झ शब्द चावत म्हणाला, आणि गुडघे न वाकवता व्हॅनकडं चालू लागला. मध्येच एकदा तो झोकांडला, सावरला. मागं वळून पाहिलं नाही. भाचीनं आतून दार उघडलं, आणि व्हॅन रस्त्याला लागली.

ओरानं काच वर केली. सुंदर होतं ते. डॉइल असता तर खुर्चीवर उभा राहिला असता. तिनं पुडिंगचं भांडं मांडीवर घेतलं. मग बंद गाडीत, कुणीच ऐकत नसताना, ती मोठ्यानं म्हणाली, "अरे, एक दिवस रीत मोडणारा कच्चा मल्ल झाला असतास तर काय बिघडलं असतं तुझं?"