मंत्र्यांच्या डोक्याचं माप

दिवेलागणीला म्हैसूरचं आकाश थोडा वेळ कच्च्या निळीच्या रंगाचं होतं. इतरांना ते नुसतं निळं दिसत असेल. भानुमतीला मात्र त्यात तिच्या रंगारी वडिलांची, अप्पांची, रंगाची कढई दिसायची आणि या कापडाला अजून एक बुडी हवी, असं वाटायचं. त्या वेळी ती सरस्वतीपुरमच्या घराला कुलूप घालून चालत निघायची आणि संध्याकाळी भरणाऱ्या संध्या कॉलेजच्या व्हरांड्यात एका खांबाला टेकून बसायची. आत ट्यूबलाइट लुकलुकत पेटायच्या, हयग्रीव सर हजेरी घ्यायचे, मग इतिहास सुरू व्हायचा. त्यातलं अर्धं तिच्या कानावर पडायचं, अर्धं झाडांवर परतलेल्या पाखरांच्या गलक्यात विरून जायचं. कुठले राजे, कुठली लढाई, काही कळायचं नाही. कळायला हवं असंही नव्हतं.

नवरा गेल्यापासून संध्याकाळ तिला खायला उठायची. दिवस कसाही निघायचा, रात्री झोप यायची, मधला हा तास तेवढा निघता निघत नसे. त्या तासाला जायला तिला जगात ही एकच जागा होती. शिवाय ती तिची हक्काची जागा होती. कर्नाटक राज्याचं नाव अजून म्हैसूर होतं त्या काळात दिवसभर अप्पांच्या हाताखाली कापडं रंगवून, निळ्या हातांनी तिने इथेच बी.ए. केलं होतं. तिच्या उत्तरपत्रिकांवर निळे ठसे उमटायचे, आणि तेव्हाचे सर रागावण्याऐवजी हसायचे.

आता सरकारला संध्याकाळ परवडेना. पहिल्या वर्षाला पंधरा विद्यार्थी नसतील तर वर्ग बंद, असा नियम काही वर्षांपूर्वी निघाला. पहिला वर्ग बंद म्हणजे दोन वर्षांनी तिसराही बंद, मग दिवे कायमचे बंद. अर्ज भरायची मुदत जुलैअखेरची होती, आणि यंदा नावं चौदावर येऊन अडली होती. दर वर्षी हे असंच व्हायचं आणि दर वर्षी माजी विद्यार्थी संघ बेंगळुरूला जाऊन नियमातून सूट मागायचा. संघात तावातावाने बोलणारे पुष्कळ होते. प्रत्यक्ष जाणारे दोघंच, अध्यक्ष गुंडेराव आणि भानुमती.

गुंडेराव निवृत्त वकील. अर्ज ते लिहायचे, आणि असा लिहायचे की वाचणाऱ्याला मध्ये एकदा पाणी प्यावं लागे. भानुमतीकडे काम होतं पेट्याचं, म्हणजे जरीकाठी म्हैसुरी फेट्याचं. मंत्र्याकडे जायचं तर हार, फळं, शाल आणि म्हैसूर पेटा हवाच. बाजारात पुठ्ठ्यावर चिकटवलेले तयार पेटे ढिगाने मिळतात, पण पेटे रंगवून बांधणाऱ्या रंगाऱ्याच्या लेकीला ते बघवत नसत. ती रेशमी कापड आणून स्वतः बांधायची. बांधायला डोक्याचं माप हवं. मंत्र्याच्या डोक्याला टेप कोण लावू देणार? म्हणून ती टीव्हीसमोर बसायची. शपथविधी, उद्घाटन, भांडण, जे काही दाखवतील त्यात शिक्षणमंत्र्यांचे कान, कपाळ आणि मागचा घेर बघून ठेवायची. त्या वर्षांत सरकारं उतू जाणाऱ्या दुधासारखी होती, जरा नजर हटली की गेलीच. त्यामुळे भानुमतीला नातवंडांच्या परीक्षा आठवत नसत, पण कुठलं खातं कुणाकडून कुणाकडे गेलं हे झोपेतून उठवून विचारावं.

त्या जुलैत शिक्षणमंत्री होते मादप्पा. मूळचे एच. डी. कोट्याच्या बाजूचे, म्हैसुरात बोगादीला घर. त्यांचं डोकं मागे चपटं आणि उजवीकडे जरा फुगीर होतं. भानुमतीने चार दिवस खपून पेटा बांधला, मांडीवर घेतला आणि सकाळच्या गाडीत बसली.

गाडी मंड्याच्या भातखाचरांतून निघाली तसा तिचा डोळा लागला. स्वप्नात खाचरातल्या पाण्यावर पेटे तरंगत होते, जरीच्या काठाचे, होड्यांसारखे हळूहळू. प्रत्येकाखाली कुणाचं तरी डोकं असणार म्हणून ती वाकून बघत होती, तर खाली नुसतं आभाळ. तिला भीती वाटली नाही. उलट फार बरं वाटलं.

"भानक्का," गुंडेरावांनी हाक मारली. मद्दूर स्टेशन आलं होतं. त्यांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात वडा. "सरकार पडलं."

"आय्यो! सकाळी तर होतं की!"

"आत्ता पडलं. पोराचा फोन होता. उतरू या. पुढं जाऊन काय उपयोग? पेटा नव्या मंत्र्याला होईल."

"कसा होईल? त्याचं डोकं बेरे, वेगळंच असणार."

"मग सोडून परत बांधा मत्ते."

भानुमतीने पेट्यावरचा रुमाल नीट केला. "डोक्यावर न चढलेला पेटा सोडत नाहीत, गुंडेराव. अप्पांनी उभ्या आयुष्यात सोडला नाही. ज्याच्यासाठी बांधला त्याला घालायचा, मग त्याने हवं ते करावं. तुम्ही उतरा पाहिजे तर."

गुंडेराव उतरले नाहीत. बाईमाणसाला एकटं कसं पाठवायचं, असं पुटपुटत त्यांनी वडा संपवला. खरं म्हणजे अर्जाचा इतका सुंदर मसुदा कुणीच न वाचता परत न्यायचा, हे त्यांच्याही जिवावर आलं होतं.

बेंगळुरूला मंत्र्यांच्या बंगल्यासमोर एरवी गाड्यांना जागा नसायची. आज एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध पसरलं होतं. शिपाई खुर्चीत पेंगत होता. त्याने यांना हटकलं नाही, नुसता फाटकाकडे हात केला.

मादप्पा बनियन घालून टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीवर त्यांचाच फोटो होता. हार, फळं आणि पेटा बघून ते गडबडले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "तुम्ही चुकून आलात. मी आता मंत्री नाही."

"ठाऊक आहे," भानुमतीही कन्नडमध्येच म्हणाली. "मद्दूरला कळलं. पण पेटा तुमचा आहे."

पेटा घालायला ती त्यांच्या मागे गेली तेव्हा टीव्हीवर कधी न दिसलेली गोष्ट दिसली. माथ्यामागे शेजारी शेजारी दोन भोवरे होते, लहान मुलाच्या डोक्यावर असतात तसे. तिने पेटा अलगद टेकवला. मादप्पांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग खाली घालून वर केली. पेटा हलला नाही.

"दीडदोनशे पेटे घातले मी," ते म्हणाले. "सगळे डोक्यावर फिरायचे. म्हणून भाषणात मान हलवायची नाही असं ठरवून टाकलं होतं. लोकांना वाटायचं माणूस मोठा गंभीर आहे." ते हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

गुंडेरावांनी संधी साधून अर्ज वाचला, सबंध. मादप्पांनी शेवटपर्यंत ऐकला.

"काल आला असतात तर ‘बघतो’ म्हटलं असतं, आणि बघितलं नसतं," ते म्हणाले. "आज बघावंसं वाटतंय, तर माझा फोन कुणी उचलत नाही. आणि माझ्याकडून शिक्षणाचं काम होणार तरी काय? शपथ घेतली तेव्हा पेपरवाल्यांनी छापलं होतं, शिक्षणमंत्री बारावी. कॉलेजात नाव घातलं होतं हो. दोन महिने गेलो, मग चळवळीत पडलो." त्यांनी टीव्ही बंद केला. खोली एकदम मोठी झाली. "दोनचार दिवसांत हे घर सोडून बोगादीला जायचं. सकाळी पेपर आहे, दुपारी झोप आहे. संध्याकाळचं काय करतात हो, अम्मा?"

हा प्रश्न भानुमतीला कुणी विचारला नव्हता. ती स्वतःलाच रोज विचारायची.

"मी कॉलेजच्या व्हरांड्यात जाऊन बसते," ती म्हणाली. "दिवे लागलेले बघते. बरं वाटतं. तुम्हीही या. खांब पुष्कळ आहेत."

बाहेर आल्यावर गुंडेराव तिच्यावर चिडले. "आमदार माणसाला खांबाला टेकून बसायला बोलावता? काय समजतील ते?"

भानुमती स्टेशनच्या रस्त्याला लागली. हात रिकामे झाल्यामुळे तिला उगीच हलकं वाटत होतं. परतीच्या गाडीत तिला झोपही आली नाही, स्वप्नंही पडली नाहीत.

जुलै संपत आला. नावं चौदाच राहिली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी गुंडेरावांचा फोन आला. "संध्याकाळी नवं खातेवाटप जाहीर होतंय. टीव्हीसमोरून हलू नका. शिक्षण कुणाला मिळतं बघा आणि डोकं नीट बघून ठेवा. उद्याच निघू."

तिने टीव्ही लावलाही. पण खिडकीत आकाश निळीचं व्हायला लागलं आणि तिला राहवेना. आज दिवे बघितले नाहीत तर पुढे कदाचित बघायलाच मिळणार नाहीत. टीव्ही तसाच चालू ठेवून ती निघाली.

व्हरांडा रिकामा होता. तिने एकेक खांब बघून घेतला. कुणी नव्हतं. आपण बोलावलं म्हणून कोण येतं, असं तिने मनाशी म्हटलं, तरी वाईट वाटलंच. ती नेहमीच्या जागी टेकली. पहिली ट्यूबलाइट लुकलुकली, मग दुसरी. पाखरांचा गलका उतरत गेला. हयग्रीव सरांनी पहिल्या वर्षाची हजेरी सुरू केली आणि तिने डोळे मिटले. नावं त्या स्वप्नातल्या पेट्यांसारखी एकामागून एक पाण्यावरून जात होती, आणि प्रत्येक नावाला कुणीतरी ओ देत होतं. चौदावं नाव झालं. आता सर वही मिटल्याचा आवाज येणार, म्हणून तिने कान टवकारले.

वही मिटली नाही.

"के. एम. मादप्पा," सर म्हणाले.

"इद्दीनि, सार."

आहे, सर. आवाज खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरून आला. भानुमतीने डोळे उघडले. तिच्याकडे पाठ करून कुणीतरी बसलं होतं, विशीतल्या पोरांच्या मागे, अंग चोरून, समोर कोरी वही. मागे चपटं, उजवीकडे जरा फुगीर डोकं, आणि त्यावर शेजारी शेजारी दोन भोवरे. सरांनी फळ्यावर तारीख लिहिली, तशी त्या डोक्याने खाली वाकून तीच तारीख वहीत उतरवली.

तिच्या पिशवीतला फोन वाजला. तिने घाईघाईने कानाला लावला.

"भानक्का, नाव कळलं!" गुंडेराव ओरडत होते. "टीव्हीवर दाखवताहेत. डोकं बघताय ना?"

"बघतेय," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते आवाजात उतरलं होतं.

"मग सांगू कोण मंत्री झालं ते?"

"उद्या सांगा," ती हळूच म्हणाली. "आत्ता वर्ग चाललाय."