विराम सापडला नाही

बाबांना इस्पितळात दाखल करायच्या आदल्या दिवशी आम्ही पानं कुठे तोडायची यावरून भांडत होतो.

बाबा व्हायोलिन शिकवायचे. त्यांनी लिहिलेल्या पुस्तकात मजकुराच्या मध्येमध्ये नोटेशन होतं आणि प्रत्येक धड्याची दोन रूपं लागत: मुलांसाठी लहान अक्षरांचं, बाबांच्या अधू डोळ्यांसाठी मोठ्या अक्षरांचं. मी त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. कमांड दिली की रेषांमधलं अंतर, ओळीची रुंदी, समास सगळं तो आपोआप बसवायचा. पान मात्र भरलं की कुठेही तोडायचा आणि पुढचं सुरू करायचा.

बाबा प्रोग्रामला कारकून म्हणायचे. "अगं, तुझ्या कारकुनाने कधी वाद्य धरलंय का? माझे दोन्ही हात गुंतलेत आणि हा म्हणतो पान उलटा. नाकाने उलटू?"

मी नियम घातला: पान विरामावरच तोडायचं, जिथे वाजवणारा क्षणभर थांबतो. विराम नसेल तर अडून विचारायचं. बाकी धडे सुरळीत निघाले. शेवटच्या धड्याच्या मोठ्या रूपावर प्रोग्राम अडला. पडद्यावर आलं: विराम सापडला नाही.

"घाला ना एखादा," मी म्हटलं.

"मुळीच नाही. तिथे ऐकणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे. आणि पान उलटायला तू आहेस की."

उद्या त्यांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी दाखल करायचं होतं. माझे हात गार पडले होते. ते दिसू नयेत म्हणून मी उगाच टाइप करत राहिले.

"घाबरलीस काय गं?"

"मी? छे! तुमची बडबड ऐकून डॉक्टरच घाबरतील."

ते खूप हसले.

बाबा घरी परत आले नाहीत.

पुढे प्रकाशकांचा फोन आला. "ताई, मोठं रूप काढून टाका. आता कोण वापरणार?"

काढायचं म्हणजे प्रोग्राममधली एक ओळ पुसायची. कर्सर तिथे नेला आणि बोट कळीवरून उचललं. ती गेली की बाबांना वाचता येईल असं या घरात पुन्हा काही छापलं जाणार नव्हतं. मी ती तशीच ठेवून कमांड दिली. धड्यांची नावं पडद्यावरून सरकू लागली. तो कुठे अडणार हे मला माहीत होतं, तरी मी प्रत्येक नाव वाचत होते.

विराम सापडला नाही. कुठे तोडू?

पान भरेल तिथे, मी सांगितलं. त्या धड्याची छापलेली पानं स्टँडवर लावली आणि नेहमीसारखी उजव्या बाजूला उभी राहिले. खोलीत काहीच वाजत नव्हतं. नजर ओळींवरून पुढे जात राहिली. शेवटच्या ओळीला हात आपसूक पानाच्या कोपऱ्याकडे गेला. इथे बाबा मान हलवायचे, मग मी उलटायची. मी कोपरा चिमटीत धरला. मी वाट बघत राहिले.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "मी घाबरलेय. तेव्हाही घाबरले होते."