शकुबाई उठली

शकुबाईला राग यायला वेळ लागत नसे, आणि एकदा आला की साऱ्या गावाला कळत असे. पण त्या दिवशी राग आला तो उगाच नव्हता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नऊ दुखणाईत होते. आमदार पाहणीला येणार म्हणून त्या नऊही जणांना सकाळी उचलून बाहेर चिंचेखाली आणून टाकलं होतं. का, तर आत भिंतींना ताजा चुना लागला होता, खाटांवर कोऱ्या चादरी पडल्या होत्या, आणि चादरीला डाग लागला असता तर डॉक्टरला जाब द्यावा लागला असता. दवाखाना एकदम लख्ख, कारण आत औषधालासुद्धा दुखणाईत नाही! याहून सोपी सुधारणा कोणाच्या बापाने केली नसेल.

त्या नवांतला एक शकुबाईचा नवरा, मुखरू. बांबू तोडताना कुऱ्हाड निसटली आणि नडगीवर बसली. घरी हळद भरून झाली, पाला बांधून झाला. आठव्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला, तेव्हा शकुबाईने त्याला बैलबंडीत घातलं आणि इथे आणलं. दोन दिवस नुसताच ठेवून त्या सकाळी डॉक्टरने पाहिलं आणि सांगितलं, आजच्या आज चिरा देऊन पू काढला पाहिजे, नाहीतर विष अंगात भिनेल. एवढं बोलून झालं आणि मग म्हणाला, उद्या करू, आज दौरा आहे. आता या शहाण्याला काय म्हणावं? विषालाही उद्या ये म्हणून सांगायचं होतं का?

मुखरूच्या शेजारी जाहिदा पडली होती. फुटके कंदील आणि डबे झाळणाऱ्या खुर्शीदची बायको, आठ दिवसांची ओली बाळंतीण, तापाने फणफणलेली. तान्हं घरी नणंदेपाशी होतं. उशाशी सासू अख्तरी ओढणीने वारा घालत बसली होती. दोन बायांची ओळख काय, तर दोन दिवसांची. पण शकुबाई चुलीवर पेज करी ती दोन वाट्यांची करी, आणि मुखरूला उचलायचं झालं की अख्तरी न बोलावता येऊन पाय धरी. दुखण्यात माणूस लवकर जवळ येतो.

‘उद्या’ हा शब्द कानावर पडला आणि शकुबाईने पदर खोचला. दवाखान्याच्या दारातच बसायचं, ती म्हणाली. बसणं तिला नवं नव्हतं. तीस सालच्या जंगल सत्याग्रहात राखीव रानात गवत कापायला गेली तेव्हा ती पंधरा वर्षांची पोर होती. शिपाई आले तर पळायचं नाही, हातात हात घालून खाली बसायचं, हे तिला शिकवणारा माणूस म्हणजे तेव्हाचा अनवाणी खादीवाला गुणवंता. तोच आज येणारा आमदार, गुणवंतराव. नागपूरला विधानसभेत बसत होता.

मग दुखणाइतांच्या घरच्या बायांना काय वाटावं? त्यांना वाटलं, आपला माणूस येतो आहे. चौदा बाया दारात आडव्या रांगेत बसल्या आणि रांगेच्या मधोमध त्यांनी एक धुतलेली वाकळ चौघडी करून अंथरली. त्यांच्या भागातली सत्याग्रहाची रीतच तशी होती, पुढारी मधोमध बसायचा. गुणवंतभाऊ एकदा बसले की डॉक्टरची काय टाप आहे नाही म्हणायची! एकीने तर कुंकवाची वाटीसुद्धा आणली होती. भोळ्या गं बायांनो, किती भोळ्या.

दुपारी जीप आली. गुणवंतराव उतरले, रांग पाहून थबकले आणि वाकळेकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. शकुबाई हसून म्हणाली, “तुमची जागा हाये भाऊ. मधात.”

गुणवंतरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हाताखालच्या मंडळींदेखत त्यांनी बायांना खडसावलं. ते सरकार गोऱ्यांचं होतं, त्याच्या दारात बसणं धर्म होता. हे सरकार आपलं आहे. आपल्या सरकारच्या दारात बसणं म्हणजे आपल्याच ताटात माती कालवणं. दवाखाने सुधारायचा ठराव ते येत्या बैठकीत मांडणार होते: तालुक्यातालुक्याला बाई डॉक्टर, पुरेशी औषधं, रात्रंदिवस नर्स, आणि शेवटचं कलम, दवाखान्याच्या आवारात धरणं आणि जमाव बंद. वरची कलमं चांगली होती, खोटं कशाला बोला. पण बोलताना त्यांचा आवाज चढला तो शेवटच्या कलमालाच.

शकुबाई बसल्या जागेवरून म्हणाली, “तेव्हा गवतासाठी बसवलं तुमी आमाले. आता माणसासाठी बसलो, तं मुजोरी काऊन?”

आमदारांच्या मागे कोणीतरी खाकरलं. गुणवंतरावांनी हाताने सगळ्यांना चार पावलं मागे सारलं. जुना माणूस होता, रांग कुठून उसवते ते त्यांना ठाऊक होतं. रांगा घालायला त्यांनीच तर शिकवलं होतं. ते शकुबाईपुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, “शकू, मुखरूला आत्ताच्या आत्ता आत घेतो. तू उठ.”

“आन् बाकीचे?”

“आधी तू उठ. मग बघू.”

‘मग बघू’ म्हणजे काय, ते शकुबाईला पुरतं समजत होतं. तिने वळून चिंचेकडे पाहिलं. मुखरूचे ओठ काळे पडले होते आणि तो डोळे मिटून काहीबाही पुटपुटत होता. त्याच्यापलीकडे अख्तरी तिच्याचकडे पाहत होती. शकुबाईने नजर काढून घेतली आणि ती उठली. तिच्यापाठोपाठ बाकीच्या बायाही एकेक करून उठल्या, कारण तिच्याच शब्दावर त्या बसल्या होत्या.

मुखरू आत गेला. आठ खाटा कोऱ्याच राहिल्या आणि आठ माणसं चिंचेखालीच. आमदारांनी मुखरूच्या खाटेशी उभं राहून फोटो काढून घेतला. डॉक्टरने सुरी उकळत ठेवली, पण चिरा द्यायचा तो सभा झाल्यावर, म्हणाला. साहेब असताना तो कसा हलणार? शकुबाईला त्या क्षणी डॉक्टर, आमदार आणि वेळेला गप्प राहिलेली स्वतःची जीभ, तिन्ही त्या उकळत्या पाण्यात बुडवावीत असं वाटलं.

सभा रस्त्यापलीकडच्या बाजारात होती. गुणवंतरावांनी ठरावाचं सगळं सांगून झाल्यावर शकुबाईला मंचावर बोलावलं. ही पाहा आपली जुनी सत्याग्रही बाई, ते म्हणाले, हिलाच विचारू. माईक तिच्या तोंडापुढे आला. “सांगा बाई, खाट कशाने मिळाली? धरण्याने की विनंतीने?”

डॉक्टर मंचाच्या पायरीशीच उभा होता. शकुबाईने त्याच्या हातांकडे पाहिलं. ते अजून धुतलेले नव्हते. मुखरूचा पाय त्या हातांत होता, आणि ते हात या मंचावरच्या माणसाच्या हातात होते.

“विनंतीनं भेटली,” ती म्हणाली.

“आणि कोणाविषयी तक्रार?”

“नाई. सगळ्याइले आत घेऊन राह्यले.”

हे शेवटचं कोणी विचारलं नव्हतं. तिचं तिनेच जोडलं. वाटलं, एवढ्या लोकांदेखत बोललं की त्यांना घ्यावंच लागेल. टाळ्या पडल्या. थू असल्या टाळ्यांवर!

दिवस कलता कलता डॉक्टरने चिरा दिला. वाटीभर पू निघाला. मुखरू ओरडला, मग शांत झोपला. पाय वाचला, माणूसही वाचला. शकुबाईने देवाचं नाव घेतलं, चुलीवर पेज टाकली आणि वाटी घेऊन चिंचेखाली गेली.

जाहिदाच्या तोंडावरून ओढणी ओढलेली होती. खुर्शीद मयत न्यायला बंडी बघायला गेला होता. शकुबाई वाटी ठेवून खाली बसली आणि मयतीचे पाय सरळ करायला तिने हात पुढे केला. अख्तरीने तो हात धरला आणि बाजूला ठेवला. जोराने नाही, एखादी वस्तू सारावी तसा.

“कवा?” शकुबाईने विचारलं.

अख्तरीने बोट वर केलं. चिंचेच्या फांदीला सभेचा भोंगा बांधलेला होता. अजून कोणी सोडून नेला नव्हता.

“तुमी बोलून राह्यले होते तवा,” अख्तरी म्हणाली. “होश होता तिले. पुसलं तिनं, अम्मी, कोन बोलते? मी सांगतलं, आपली शकुबाई. सगळ्याइले आत घेऊन राह्यले म्हनते. तं म्हने, मंग माह्या डोक्याचे केस नीट करून दे, आत लोक राह्यतीन.”