चारशे नव्वदपेक्षा खाली नको

शोरूममधून फोन आला तेव्हा मी गिंडीच्या सिग्नलला उभी होते. संयुक्ता नावाची मुलगी बोलत होती. जयतीर्थ राव सरांनी नव्या मॉडेलची सात आसनांची गाडी नोंदवली होती, ती आता बाजारात आली आहे, आणि सरांनी निवडलेल्या जादा गोष्टी शनिवारपर्यंत पक्क्या केल्या नाहीत तर नंबर पुढच्या माणसाला जाईल. सर फोन उचलत नाहीत, म्हणून फॉर्मवरच्या दुसऱ्या नंबरावर केला.

"सर नाहीत," मी म्हणाले.

"कधी येतील, मॅम?"

मागच्या बसने हॉर्न दिला. सर माझे वडील होते, ते गेले, हे मी तिला सांगितले. ती दोनदा सॉरी म्हणाली. मग, नोकरीच असल्यामुळे, विचारलेच, "मॅम, सरांनी फॉर्मवर पेन्सिलीने एक नंबर लिहिलाय. चारशे नव्वद. मी दोन दिवस शोधतेय, पण आमच्या यादीत असा पार्टच नाही. तुम्हाला काही कल्पना आहे?"

मला नव्हती.

अप्पा इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षे होते. गाडीची सीट ज्या रुळांवर पुढेमागे सरकते, ते रूळ तिथे बनत. त्यामुळे कोणाच्याही गाडीत बसताना ते आधी सीटखाली हात घालत आणि मग बसत. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात नवरानवरी निघायच्या वेळी ते फुलांनी सजवलेल्या गाडीत डोके घालून ओणवे झाले होते. अम्मा म्हणाली होती, "वधूपित्याला रडायला यायचं ते तुमच्याकडे बघून हसायला येतंय."

निवृत्तीनंतर त्यांना या नव्या गाडीचे वेड लागले. जुनी गाडी बदलून कंपनी नवीन आणणार, एवढेच तेव्हा लोकांना ठाऊक होते. चाचणीच्या गाड्या श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्याने धावत. आकार कळू नये म्हणून त्यांना वरून खालपर्यंत काळ्यापांढऱ्या नक्षीचा कागद चिकटवलेला असे. एकदा आम्ही तिघे कांचीपुरमला एका साखरपुड्याला निघालो होतो, आणि अशी एक गाडी पुढे दिसली. अप्पांनी आमचे वळण सोडले आणि तिच्यामागे लागले. बारा किलोमीटर.

"माझ्यामागे कधी एवढे आला नव्हतात," अम्मा चकलीसारखा मुरुक्कू मोडत म्हणाली.

"तू कुठे एवढ्या जोरात पळत होतीस?"

साखरपुड्याला आम्ही पोचलो तेव्हा पंगत उठत होती. पण अप्पांना मागचे दार सरकते आहे हे कळले होते, आणि ते दिवसभर खूश होते.

त्यांची एक वही होती. डावीकडे 'येणार', उजवीकडे 'येणार नाही'. सरकते दार: येणार. तिसऱ्या रांगेला स्वतंत्र थंड हवा: येणार. चारी बाजूंना कॅमेरे: येणार, पण वरच्या मॉडेललाच. छताला काच: येणार, नको होती. मधल्या रांगेत बाक की दोन वेगळ्या खुर्च्या, यावर दोन पाने खर्ची पडली होती. एका ओळीपुढे मात्र कोणताच अंदाज नव्हता. 'दाराकडे वळून बाहेर खाली उतरणारी सीट', आणि पुढे, 'आली तर फार बरे.'

ती आली. कंपनीने जादा सामानाच्या यादीत शेवटून दुसरी म्हणून छापली. नोंदणी सुरू झाली त्या दिवशी अप्पा शोरूम उघडायच्या आधी दारात उभे होते. त्यानंतर तीन आठवड्यांनी, मार्गळी महिन्यात, डिसेंबर सरताना, सकाळी आंघोळ करून आले, झोपाळ्यावर बसले आणि गेले.

संध्याकाळी मी नंगनल्लूरला अम्माकडे गेले. ती दिवाणखान्यात सोफ्यावर वर्तमानपत्र वाचत होती. चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवलेली बाई. बातम्या वाचतानासुद्धा बोटात पेन्सिल असते.

"नको सांग त्यांना," ती म्हणाली. "सात जणांची गाडी. आपण दोघी. उरलेल्या पाचांत कोणाला बसवतेस?"

"तंजावूरला जाता येईल. कुलदैवताला. माझ्याकडे येता येईल. आपल्या छोट्या गाडीत तुला वाकून शिरावं लागतं, त्यापेक्षा..."

"आणि ती बाहेर येणारी खुर्ची? ती पेशंटांना गे. मी काय पेशंट?"

"गुडघे दुखतात तुझे."

"बाहेर दुखतात. घरात कुठे दुखतात?" तिने वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले आणि उठून उभी राहिली, हात कुठेही न टेकता. "बघ. लोकांच्या घरी खुर्च्याच धड नसतात, त्याला मी काय करू?"

हे तिचे जुने मत होते. मैलापूरच्या तिच्या बहिणीचा सोफा म्हणजे खड्डा, सभागृहांतल्या खुर्च्या शाळकरी पोरांच्या, बँकेतला बाक तर बसूच नये असा. माझ्या घराबद्दलही ती तेच म्हणे. मी पेरुंगुडीला अकराव्या मजल्यावर राहते. तीन रविवार घालवून निवडलेला राखाडी, बुटका सोफा आहे माझ्याकडे. अम्मा आली की त्याच्या अगदी काठावर बसायची, पिशवी मांडीवर धरून, आणि पाऊण तासात म्हणायची, निघू या. अप्पा गेल्यापासून मी तिला तीनदा म्हटले होते, माझ्याकडे राहायला चल. तिन्ही वेळा एकच उत्तर. "तुझ्या घरात बसायला नीट जागा नाही."

मी ते मनाला लावून घेतले होते. तिला माझ्या घरी यायचे नाही, आणि मला ती हवी होती. चार महिने आमचे एवढेच चालले होते. ती घरातून बाहेर पडत नव्हती. मी ऑफिसातून तासभर गाडी चालवत यायची, तिच्याबरोबर जेवायची आणि परत जायची.

"अप्पांची वही कुठाय?" मी विचारले. "त्या मुलीला एक नंबर सांगायचाय."

"देवघराच्या खणात. तिथेच ठेवायचे. देवांनाही वाचायला."

वही मी उभ्याउभ्याच चाळली. गाडीच्या पानांत चारशे नव्वद कुठेही नव्हते. मग वही उलटी केली. शेवटच्या पानापासून अप्पांनी वेगळेच काही लिहिले होते. तारीख आठ वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या आठवड्यातली.

'सुंदरी हात न टेकता उठते: ४९०. ४८० ला टेकावा लागतो.'

अम्माचे नाव त्रिपुरसुंदरी. खाली घरातल्या बसायच्या उंचींची यादी होती, सगळी मिलिमीटरमध्ये.

'सोफा ४१० + ८० = ४९०. ठोकळे सुब्बाकडून. रंग सोफ्याच्या पायांचा.
पलंग ४५० + ४०.
जेवणाच्या खुर्च्या ४६० + ३०. चारही. एकच वाढवली तर कळेल.
झोपाळा: साखळीच्या कड्या काढल्या.
न्हाणीतला स्टूल नवाच केला.'

प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. फक्त शेवटच्या ओळीपुढे नव्हती.

'हरिप्रियाकडचा सोफा ३९५ + ९५. तिने हौसेने घेतलाय. कसे विचारावे?'

मला तो दिवस आठवला. अप्पा माझ्या सोफ्यासमोर जमिनीवर पालथे झाले होते. मी म्हटले, "काय शोधताय?" तर म्हणाले, "चष्मा." चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मी आठवडाभर सगळ्यांना हे सांगून हसले होते.

अम्मा स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी सोफ्याखाली पाहिले. ठोकळे इतके बेमालूम रंगवलेले होते की पाय आणि ठोकळा यांतली रेघ बोट फिरवल्यावरच लागली.

"खाली काय करतेस गे?" अम्मा दारात होती.

"पेन पडलं."

तिने माझ्याकडे पाहिले आणि कॉफी ठेवायला परत गेली.

शनिवारी मी तिला शोरूममध्ये नेले. "नाही म्हणायचं ते तूच ये आणि म्हण," असे सांगितल्यावर ती निघाली. कोणाला नाही म्हणायचे तर समोर जाऊन म्हणावे, असे तिचे शिस्तीचे मत आहे. छोट्या गाडीतून उतरताना तिने माझा खांदा धरला, आणि आत शिरण्याआधी तो सोडला.

गाडी काचेच्या हॉलमध्ये मधोमध उभी होती. संयुक्ताने तमिळमध्ये सुरुवात केली, छतापासून.

"आंटी, हे बघा, पूर्ण काच. ऊन आत येतं."

"चेन्नईत?" अम्मा म्हणाली. "ऊन आत यायला काच, आणि ते घालवायला तिसऱ्या रांगेत एसी. बरं आहे."

संयुक्ता हसली. मुलगी चांगली होती. तिने बटण दाबले. सरकते दार मागे गेले, मधल्या रांगेतली डावी सीट दाराकडे वळली, बाहेर आली आणि हळूहळू खाली उतरली. अम्मा गाडीकडे नाही, त्या सीटखालच्या रुळांकडे बघत होती. अप्पांच्या सहवासात एवढे होणारच.

"एकदा बसून बघा, आंटी. मग नाही म्हणा."

अम्मा बसली. पिशवी मांडीवर. मग उठायला गेली आणि उठता येईना. दुसऱ्यांदा तिने संयुक्ताच्या मनगटाचा आधार घेतला. तिच्या चेहऱ्यावर तेच आले जे माझ्या घरी येत असे, आणि ज्याला मी इतकी वर्षे नावड समजत होते.

"पाहिलंस?" ती मला म्हणाली. "बनवणाऱ्यांना बसायचं कळतं, उठायचं कळत नाही. चल."

"एक मिनिट, अम्मा." मी संयुक्ताला विचारले, "ही किती खाली येते?"

तिला ठाऊक नव्हते. तिने आतून वेंकट नावाच्या फिटरला बोलावले. त्याने टेप लावली. "चारशे तीस. खाली जिथे अडते, तो थांबा बोल्टवर आहे. वर घेता येतो, वीस-वीसने."

"चारशे नव्वदवर घ्या."

संयुक्ताने फॉर्मकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मॅम, हा तो..."

"हो. पार्ट नंबर नाही तो."

"चारशे सत्तर पुरतं, मॅडम," वेंकट म्हणाला. "सगळ्यांना पुरतं."

"चारशे नव्वद. त्यापेक्षा खाली नको."

तो गुडघ्यांवर बसला. पाना आणायला गेला, चुकीचा आणला, परत गेला. दहा मिनिटे लागली. अम्मा पिशवी काखेत धरून उभी होती, तोंड मिटून, परीक्षा हॉलमध्ये उभी राहायची तशी. बोल्ट बसल्यावर त्याने पुन्हा टेप लावली आणि मला आकडा दाखवला.

"आता बस."

"मघाशी बसले की."

"अम्मा."

ती बसली. आणि उठली. हात टेकला नव्हता हे तिला उभी राहिल्यावर समजले. ती पुन्हा बसली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा बसली ती बसूनच राहिली, आणि हाताने सीटची कड चाचपली.

"हा आकडा कोणी दिला?"

"अप्पांनी. फॉर्मवर लिहिला होता."

वेंकट टेप गुंडाळत होता, तो थांबला. अम्माने समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहिले.

"कागद लावून पळत होती, ती हीच का गे?"

"हीच."

"तेव्हा बरी दिसत होती," ती म्हणाली. मग संयुक्ताकडे हात केला. "पेन दे, कण्णा. कुठे सही करायची? पण आडी महिना अशुभ, त्यात गाडी देऊ नका. आवणी लागल्यावर द्या."

गाडी यायच्या थोडे आधी मी गिंडीला सुब्बाकडे गेले. औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत त्याची सुतारकामाची छोटी शेड आहे. चार ठोकळे हवेत म्हटले, उंची पंच्याण्णव मिलिमीटर. त्याने कशासाठी ते विचारले नाही. "राव सर यायचे," एवढेच म्हणाला, आणि लाकूड दोनदा बदलून घेतले. रंग मारायला मात्र वेळ उरला नव्हता. गाडी आली, आणि दुसऱ्याच दिवशी अम्मा म्हणाली, तुझ्याकडे चक्कर मारू.

नंगनल्लूरहून पेरुंगुडीपर्यंत ती मधल्या रांगेत ताठ बसून आली. माझ्या इमारतीखाली सीट वळली, उतरली, आणि ती उठून चालू लागली. रखवालदार बघत होता. "घरचीच खुर्ची आहे," तिने त्याला तमिळमध्ये सांगितले.

वर आल्यावर मी कॉफीच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. दुधावर लक्ष नव्हते. सोफ्याचा आवाज आला, ती बसली. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा आवाज आला, ती उठली. मी बाहेर आले तेव्हा ती उभी होती आणि खाली बघत होती. राखाडी सोफ्याखाली चार पिवळे, कोरे ठोकळे कोणालाही दिसले असते.

"सुब्बाकडून केलेस?"

"हो."

"रंग लाव त्यांना," अम्मा म्हणाली. "आमच्याला लावलाय."

कधीपासून तुला ठाऊक आहे, हे मी विचारले नाही. ती पुन्हा बसली, या वेळी पाठ टेकून. पिशवी तिने मांडीवरून काढली आणि खाली, जमिनीवर ठेवली.

"दूध उतू जातंय," ती म्हणाली.