‘कोलोरादो’ म्हणालं कोण?

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता आन्सेल्मो पाइनेफिलने अर्जेंटिनातल्या एस्केल गावातल्या आपल्या धाकट्या भावाच्या दुकानात जाऊन काउंटरवर दुर्बीण आदळली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

शिकारीच्या सामानाचं दुकान. रुफिनो काउंटरमागे मते या कडू चहाच्या पोकळ भोपळ्यात गरम पाणी ओतत होता. त्याने आधी दुर्बिणीकडे पाहिलं, मग भावाकडे.

“काच फुटली तर भरून कोण देणार, दादा?”

“सोमवारी दहा वाजता वनखात्याच्या कचेरीत माझा परवाना काढून घ्यायला बसतायत. तो कोण भरून देणार?”

रुफिनोने भोपळा पुढे केला. आन्सेल्मोने हात लावला नाही. “ग्रासियास,” तो म्हणाला. म्हणजे आभार; मते पिऊन पुरे झाली की शेवटी म्हणायचा हा शब्द. घोट न घेता म्हटला तर अर्थ एकच, तुझ्या हातचं नको. रुफिनोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बुधवारची गोष्ट गावात सगळ्यांना कळली होती. हरणांच्या माजाचे दिवस. आन्सेल्मो वीस-बावीस वर्षं शिकाऱ्यांना डोंगरात घेऊन जातो. बुएनोस आयरेसचा एक शिकारी बरोबर होता. संध्याकाळी लेंगा नावाच्या डोंगरी झाडांच्या दाटीतून लाल हरणाचा नर ओरडला. आन्सेल्मोने दुर्बीण लावली. फांद्यांआड एक पाठ होती, तिच्या कडेने लाल रंग दिसत होता. तो हळूच म्हणाला, “कोलोरादो.” कोलोरादो म्हणजे लाल, आणि या भागात लाल हरणाचं नावही तेच. वाटाड्याने हा शब्द उच्चारल्याशिवाय शिकारी चाप ओढत नाही. उच्चारला की ओढतो. त्यानेही ओढला.

झाडीत वेमुल पडला होता, इथल्या डोंगरातलं दुर्मिळ हरीण. गडद करडा, बुटका, शिंगाला दोनच फाटे. वेमुल आता फार थोडे उरलेत. त्याला मारणं गुन्हा आहे, आणि मारायला लावणाऱ्या वाटाड्याचा परवाना जाऊ शकतो.

“ही विकताना तू काय म्हणाला होतास, बारक्या?”

“जे खोक्यावर छापलंय ते.”

“खोकं गेलं खड्ड्यात. तू म्हणालास, दादा, आत जर्मन काच आहे, डोळे मिटून घे. तुझी जुनी आठपट दाखवायची, ही बारापट दाखवते.”

“मग दाखवत नाही का बारापट?”

“दाखवते ना! माझा हातसुद्धा बारापट हलताना दाखवते. आणि अंधार बारापट.”

रुफिनोने मागचं कपाट उघडलं. “हे बघ, भांडायला वेळ नाही मला. हवी ती घे. पैसे देऊ नकोस.”

आन्सेल्मोने घाई केली नाही. कपाटातल्या तीन दुर्बिणी त्याने ओळीने मांडल्या. एकेक हातभर लांब धरून डोळ्याकडच्या काचेतली उजेडाची टिकली पाहिली. पहिलीची टिकली कोपरे कापल्यासारखी चौकोनी होती, म्हणजे आतली काच हलकी. ती त्याने बाजूला सारली. उरलेल्या दोन्हींच्या टिकल्या गोल होत्या. त्या घेऊन तो दारात गेला आणि रस्त्यापलीकडच्या विजेच्या तारेवर रोखल्या. मागे कोरं आभाळ होतं. एकीतून तार जांभळट दिसली. दुसरीतून काळी, स्वच्छ.

“ही,” तो म्हणाला. “आठपटच आहे. पण ही दुर्बीण आहे.”

“दुकानातली सगळ्यात महाग. घेऊन जा. झालं समाधान?”

“मला ती नकोय रे. तू सोमवारी कचेरीत ये. साहेबाला तार आधी हिच्यातून दाखव, मग माझ्या दुर्बिणीतून. आणि काय सांगून विकलीस ते तुझ्या तोंडाने सांग.”

“वेडा झालास का? माजाचा हंगाम आहे. वर्षभराचा धंदा मी या महिन्यात करतो. खोटा माल विकतो असं मीच कचेरीत जाऊन सांगू? उद्या माझ्या दारात कोण उभं राहील?”

“आणि मी कुणाच्या दारात उभा राहू?”

“दुर्बीण बोलली का, दादा? बोललास तू. डोकं दिसल्याशिवाय शब्द काढायचा नाही, हे मला शिकवलं कोणी? आईने?”

हे खरं होतं. आन्सेल्मो म्हणाला, “उजेड चालला होता. नर तिथूनच ओरडला होता. आणि मला लाल दिसलं.”

“अरे, तिच्यातून सगळ्यालाच लाल कड दिसते! संध्याकाळी गाढव बघितलंस तरी...”

रुफिनो थांबला. हातातला भोपळा त्याने काउंटरवर ठेवला.

“तुला माहीत होतं,” आन्सेल्मो म्हणाला.

“सगळ्या स्वस्त दुर्बिणींचं तसंच असतं. तू काय पहिल्यांदा...”

“जर्मन काच म्हणालास. सख्ख्या भावाला.”

“तुझ्याकडे पैसे तेवढेच होते! खरं सांगितलं असतं तर तू रिकाम्या हाताने डोंगरात गेला असतास.”

“गेलो असतो. रिकाम्या हाताने गेलो असतो तर तोंड बंद ठेवलं असतं मी.”

त्याने आपली बारापटीची दुर्बीण उचलून गळ्यात अडकवली. महागडी दुर्बीण दारातल्या स्टुलावर तशीच राहिली. जाताना त्याने दार इतक्या जोरात ओढलं की वरची घंटा निखळून आत पडली.

“येणार नाही मी!” रुफिनो मागून ओरडला. “ऐकलंस का? नाही येणार!”

पलीकडच्या पाववाल्यानेही ते ऐकलं. दुपारपर्यंत गावात पोचलं.

सोमवारी आन्सेल्मो दहाच्या आधीच कचेरीबाहेरच्या बाकावर येऊन बसला होता. गळ्यात दुर्बीण तीच. बुएनोस आयरेसच्या शिकाऱ्याने आपल्या वकिलामार्फत कळवलं होतं की आपण फक्त वाटाड्याचा शब्द पाळला.

दहाला पाच कमी असताना रुफिनोची गाडी समोरच्या फुटपाथला येऊन लागली. आन्सेल्मोने मान वर केली, पण हात केला नाही. सव्वादहाला शिपायाने आन्सेल्मोचं नाव पुकारलं आणि तो आत गेला. तोपर्यंत रुफिनो गाडीतून उतरला नव्हता. गाडीचं इंजिन चालूच होतं.