लतामावशींच्या गळ्यातली दुर्बीण

मित्रांनो, मी एक दुर्बीण आहे. आता जुनी झाले. रबराला चिरा गेल्या, पट्टा दोनदा बदलला, पण तोरा मात्र तसाच आहे. का नसावा? घाटकोपरच्या दुकानात माझ्या शेजारी माझ्या दुप्पट आकाराची एक दुर्बीण ऐटीत बसली होती. वीसपट मोठं दाखवते, म्हणून दुकानदार तिचंच कौतुक करायचा. मी आपली आठपटवाली.

संघमित्रा आपल्या आईला, म्हणजे लतामावशींना घेऊन आली. मावशी नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि दर रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पक्षी बघायला जाणाऱ्या गटात त्यांनी नाव दिलं होतं.

"आई, एकेक दुर्बीण मिनिटभर धरून समोरची पाटी वाच," संघमित्रा म्हणाली.

मोठीच्या वजनाने मावशींचे हात भरून आले आणि अक्षरं नाचायला लागली. माझ्यातून मात्र तीच अक्षरं गुमान उभी राहिली. मोठी तिथेच राहिली आणि मी घरी आले.

घोळ झाला तो पुढेच. मावशींना चष्मा. माझ्या डोळ्यांपाशी रबरी कडा आहेत. चष्मेवाल्यांनी त्या आत फिरवायच्या असतात, नाहीतर भोकातून डोकावल्यासारखं इवलंसं दिसतं. पाटी तेवढ्यात मावली, पक्षी कुठून सापडणार? पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि मला तोंड नाही.

उद्यानात कुणी बोट दाखवलं की सगळे म्हणायचे, "दिसला." मावशीही म्हणायच्या, "दिसला गं, किती छान." मला ठाऊक असायचं, त्यांना नुसती पानं दिसतायत. असे चार रविवार गेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळे कामातून गेले, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"उद्या शेवटचं जाते," त्या संघमित्राला म्हणाल्या. "मग ही तूच वापर."

मला फार वाईट वाटलं. खोट माझ्यात नव्हती, त्यांच्यातही नव्हती.

त्या रविवारी वडाच्या शेंड्यावर तांबट बसला होता. त्याचं टुक्-टुक् मावशींनी तीस वर्षं घरामागे ऐकलं होतं, तो स्वतः कधी दिसला नव्हता. गट चालवणाऱ्या श्रुतिकाने विचारलं, "मावशी, दिसला ना?"

मावशींच्या ओठांवर 'हो' आलं होतं. पण त्या म्हणाल्या, "नाही गं. आजवरचा एकही नाही. उगाच हो हो करत होते मी."

श्रुतिका हसली नाही. तिने मला हातात घेतलं. "अहो मावशी, चष्मा आहे ना तुम्हाला? मग या कडा आत करायच्या. आता बघा."

मी पुन्हा डोळ्यांना लागले. मावशींनी मला शेंड्याकडे वळवलं आणि तिथेच धरून ठेवलं.

"चोच मिटलेली आहे गं त्याची," त्या हळूच म्हणाल्या. "गळा फुगवून हाक मारतोय."

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते स्वतः पाहिलं होतं, माझ्यातून. त्यानंतर मी शेकडो पक्षी दाखवले, पण एवढा अभिमान पुन्हा वाटला नाही.

तेव्हा मित्रांनो, माझी भिंगं मऊ कापडाने पुसा, पदराने किंवा शर्टाने नको. आणि दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणा. लाजू नका, कारण त्या सकाळी पुढे काय झालं ते मी पाहिलंय. गटातल्या विमलाताई आपली दुर्बीण घेऊन पुढे सरकल्या, चष्मा सावरला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या,

"श्रुतिका, माझीपण बघ ना जरा. दोन वर्षं झाली."